टायरवरची तारीख

कवीला टायरविषयी बोलायला कुणी बोलावत नाही. मलाही बोलावलं नव्हतं. आकाशवाणीवरून फोन आला तो 'पावसाळ्याच्या तोंडावर काहीतरी बोला' असा. त्यांच्या मनात पावसाच्या कविता असणार. मी म्हटलं, कविता पुढच्या वेळी, या खेपेला मला माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाविषयी बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, बोला.

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्रातलं मला कळत नाही, हे आधीच कबूल करतो. खरं तर पलूसच्या माणसाला हे म्हणायला लाज वाटायला हवी. हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणरावांनी तिथं कारखाना उभा केला, आणि त्या घराण्याची सुरुवात झाली होती ती १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. गंमत अशी, की त्याच १८८८ साली तिकडे बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या एका जनावरांच्या डॉक्टरनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी सायकल दगडांवर आदळत होती, म्हणून त्यानं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली होती. आज आपण ज्यावर बसून फिरतो ते मूळचं बापाच्या मायेतून आलेलं आहे. असो. कवीला असल्या आडवाटा फार आवडतात, मुद्द्यावर येतो.

मे २०२४. कऱ्हाडला नात्यातलं लग्न होतं. रात्री परत निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. गाडीत मागे आई, माझी बायको आणि तिच्या मांडीवर झोपलेला चार वर्षांचा नातू. आईचं वय ऐंशीच्या पुढे. दिवसभर ऊन आग ओकत होतं, रात्रीही रस्ता तापलेला होता. वेग फार नव्हता, सत्तरच्या आसपास असेल. आणि एकदम मागून फटाका फुटावा तसा आवाज आला. गाडी डावीकडे ओढली गेली. मी ब्रेक दाबला नाही, यात शहाणपण काही नव्हतं, पायच हलला नाही. पुढे कळलं की अशा वेळी ब्रेक दाबायचाच नसतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं, ॲक्सिलेटरवरचा पाय हळूहळू काढायचा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचं. आमची गाडी कडेच्या मुरमात घसरत जाऊन उसाच्या बांधाला टेकली. चार पावलांवर पाटाचा उघडा काठ होता. मागून येणारा ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

आई म्हणाली, "अल्लानं वाचवलं बाबा." बायको काही बोलली नाही. नातू झोपेतून उठला नाही. मी स्टेपनी काढली, तिच्यात हवा निम्मीच होती. एका ट्रॅक्टरवाल्यानं थांबून नट ढिले करून दिले, कारण ते माझ्या हातानं हलेनात. पुढच्या पंपावर हवा भरून रात्री एकला घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी फुटलेलं चाक घेऊन पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोरानं टायर फिरवून पाहिला आणि विचारलं, "चाचा, टायर किती सालचा हाय?"

म्हटलं, "२०२१ चा. बिल आहे माझ्याकडं. अकरा हजार किलोमीटरसुद्धा पळाला नाही."

"बिलाचं न्हाई इचारलं. टायरचं इचारलं."

मग त्यानं खडू घेतला आणि टायरच्या बाजूच्या रबरावर घासला. काळ्यावर काळी अक्षरं होती ती पांढरी झाली. एका लांबट चौकटीत चार आकडे उमटले: १५१७. "पंधरावा हप्ता, सतरा साल," तो म्हणाला. म्हणजे एप्रिल २०१७. मी जून २०२१ मध्ये 'नवा' म्हणून घेतलेला टायर तेव्हाच चार वर्षांचा होता. दुकानात कुठं, कसा, किती उन्हात पडून होता कोण जाणे. फुटला तेव्हा त्याला सात वर्षं झाली होती. वरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी, म्हणून मी निर्धास्त. बाजूचं रबर मात्र वाळलेल्या तळ्याच्या तळासारखं बारीक बारीक तडकलेलं. ते मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

टायर झिजून म्हातारा होतो हे आपल्याला कळतं. तो नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, हे मला माहीत नव्हतं. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि ऊन हे तिघं मिळून रबर खात असतात. त्याला विरोध करणारी रसायनं कारखान्यातच रबरात मिसळलेली असतात, पण ती टायर फिरताना, लवताना हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि रबराला झाकतात. गाडी उभीच राहिली तर तो लेप चढत नाही. म्हणजे माझ्यासारखी, वर्षाला चार हजार किलोमीटर चालवून बाकी वेळ अंगणात उन्हात ठेवलेली गाडी टायरला फार मानवते असं नाही. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवा आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांनंतर वापरू नका. काही गाडी कंपन्या तर सहा वर्षांवरच बदलायला सांगतात. आपल्याकडचं ऊन पाहता मला सहाच बरी वाटतात.

त्या पोरानं मग मला टायर वाचायला शिकवलं. पन्नाशीनंतर नवी लिपी शिकायला मिळाली. माझ्या टायरवर लिहिलं होतं १६५/८० आर १४, आणि पुढे ८५ टी. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले दोरे कसे विणलेत त्याची खूण. १४ म्हणजे चौदा इंची डिस्क. ८५ हा वजनाचा आकडा आहे, पण ८५ किलो नव्हे. तक्त्यात पाहिलं तर तो एका टायरला ५१५ किलो येतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. ही अक्षरं बदलून 'साहेब, हाच बसतो, स्वस्तात देतो' म्हणणारे भेटतात. बसतो खरा. पण पाच माणसं आणि द्राक्षाच्या चार पेट्या घेऊन निघालो की तो वजनाचा आकडा आपला हिशेब मागतो. आयएसआयची खूणही पाहावी. मोटारीच्या टायरना ती सक्तीची करणारा आदेश केंद्र सरकारनं २००९ मध्येच काढला आहे.

जुन्या टायरवर तापल्या पात्यानं खाचा कोरून, काळा रंग मारून विकणारेही आहेत. गोटा झालेल्या टायरला अशा खाचा पाडल्या तर आतल्या दोऱ्यांवर रबराचा पापुद्राच उरतो. ट्रक आणि ट्रॉलीच्या टायरवर चांगल्या कारखान्यात नवं रबर चढवतात तो धंदा वेगळा आणि रीतसर आहे. हा नुसता रंग आहे.

नक्षी किती उरली म्हणजे पुरे, यालाही आकडा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकीची ०.८. मोजपट्टी लागत नाही. खाचेच्या तळाशी रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण हा कायद्याचा तळ आहे. खाचांचं काम चाकाखालचं पाणी बाहेर फेकणं, आणि पावसात ही ताकद १.६ च्या कितीतरी आधीच कमी होते. आमच्याकडं गळीत संपलं तरी रस्त्यावर उसाचा पाला आणि ट्रॉल्यांची सांडलेली माती पडलेली असते. पहिल्या वळवाच्या सरीत तिचा चिखल होतो. त्या दिवशी तीन मिलिमीटरसुद्धा कमीच वाटतात.

आता हवेचं. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, ही समजूत आमच्या भागात पक्की आहे. मीही वर्षानुवर्षं तसंच करत आलो. हे नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, पुन्हा सरळ होते, पुन्हा दबते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तापते आणि शेवटी तुटते, तसंच. सत्तरच्या वेगानं चाक मिनिटाला सहाशेहून जास्त फेरे घेतं. ती उष्णता आतल्या आत साठते आणि सात वर्षांचं वाळलेलं रबर सुटतं. माझ्या त्या चाकात पंचवीस पौंडसुद्धा हवा नसावी. किती हवी होती, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर छापलेलं होतं. सहा वर्षं मी ते दार उघडबंद करत होतो. टायरवर छापलेला हवेचा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. हवा गाडी थंड असताना, सकाळी मोजावी. नायट्रोजन भरा म्हणून आग्रह होतो. त्याचा तोटा नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि महिन्यातून एकदा मोजण्याचा त्रास त्यानं चुकत नाही.

'अल्लानं वाचवलं' असं आई म्हणाली. कुणी 'देवाची करणी' म्हणेल. हा शब्द कोर्टातही गेला आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि ३८ वर्षांचा एक माणूस जागीच गेला. घरात बायको, लहान मुलगी, म्हातारे आईवडील. न्यायाधिकरणानं २०१६ मध्ये सुमारे सव्वा कोटींची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही 'ॲक्ट ऑफ गॉड', म्हणजे ईश्वरी घटना आहे, आमच्यावर जबाबदारी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती डिगे यांनी ते अपील फेटाळलं. ज्या नैसर्गिक आपत्तीची कल्पना करता येत नाही आणि जिच्याशी माणसाचा काही संबंध नाही तिला ईश्वरी घटना म्हणतात. टायर फुटायला जादा वेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी कारणं असतात, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती तपासणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, अशा आशयाचं ते म्हणणं आहे. आमच्याकडं लहानपणी उंटाची गोष्ट सांगायचे, आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव. निकाल वाचताना मला ती आठवली. आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "मग जजसाहेब बरोबरच बोलले की."

उलट बाजूही आहे. 'टायर फुटला' हे सोयीचं उत्तर होऊन बसलं आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन खात्याच्या अहवालात तसा पुरावा सापडला नाही. समृद्धीवर काँक्रीटमुळं टायर फुटतात अशी चर्चा फार झाली. सलग, न थांबता, ताशी १२० च्या वेगानं जाताना टायर तापतो हे खरं, पण म्हणूनच तिथं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम परिवहन खात्याला घ्यावी लागली.

आता वॉरंटी. आपण सगळे तिला ग्यारंटी म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. फुटलेला टायर घेऊन मी ज्या दुकानातून तो घेतला तिथं गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, भांडण मिटलेलं आहे. मालकानं चहा पाजला आणि म्हणाला, "सर, कार्डाची मुदत संपलीय. आणि बिलावर टायरचा नंबर कुठं आहे? हा टायर आमचाच कशावरून?" बिलावर खरोखरच नुसतं 'टायर २ नग' असं लिहिलं होतं. मी तेव्हा ते घडी घालून खिशात टाकलं होतं. चार वर्षांचा जुना माल नवा म्हणून दिल्याचा राग आजही आहे, पण कागद माझ्या बाजूनं बोलत नव्हता.

शोरूममध्ये कुणी सहसा समजावून सांगत नाही ती गोष्ट अशी, की गाडीच्या वॉरंटीत टायर येत नाही. टायरची आणि बॅटरीची जबाबदारी त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची. शिवाय ती जबाबदारी बनवण्यातल्या दोषापुरतीच. खड्ड्यात आदळून बाजूला आलेला फुगा, खिळा, दगडाची चीर, कमी हवेत पळवल्यानं झालेली हानी, अलाइनमेंट बिघडून एकाच कडेला झालेली झीज, हे सगळं आपल्या नावावर. दोष मान्य झाला तरी सरसकट नवा टायर फुकट मिळेल असं समजू नये. समजा नवी खाच ८ मिलिमीटरची. शेवटचे १.६ सोडले तर वापरायचे ६.४. तक्रारीच्या वेळी खाच ४.८ उरली असेल, तर वापरायचे ३.२ शिल्लक, म्हणजे निम्मे. कंपनी निम्मी किंमत सोडते, निम्मी आपण भरायची. हा हिशेब आधी माहीत असला तर काउंटरवर आवाज चढत नाही.

गाडीच्या वॉरंटीतही ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, दिवे असल्या झिजणाऱ्या वस्तू नसतात. मारुतीनं जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर अशी वाढवली. यात 'किंवा'च्या पुढे अध्याहृत असतं, 'जे आधी होईल ते'. सर्व्हिसिंगलाही हेच लागू. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. 'माझी गाडी पळालीच कुठं' म्हणून मी दोन-दोन वर्षं ऑइल बदलत नव्हतो. ऑइलही बसून खराब होतं, ब्रेक ऑइल तर हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पायाखालचं पेडल पोकळ लागतं. ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग केल्याची नोंद नसेल तर वॉरंटीचा दावा तिथंच अडतो.

मग बाहेरच्या मिस्त्रीकडं गाडी नेली तर वॉरंटी जाते का? शोरूमवाले तसं सांगतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं सुट्या भागांच्या प्रकरणात चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला, आणि त्या आदेशात असंही बजावलं की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये. प्रकरण पुढे अपिलात गेलं. माझा स्वतःचा मार्ग मधला आहे: वॉरंटी आहे तोवर शोरूम, आणि प्रत्येक कामाचा कागद, मुदत संपली की आपला गावातला मिस्त्री, तोही बिल देणारा.

कागद पक्का असेल आणि तरी दाद मिळत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे वस्तू पुण्यात घेतली तरी सांगलीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, सुरुवात तिथून करावी.

एक गोष्ट नदीकाठच्या लोकांसाठी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा आमच्या तालुक्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काय केलं असेल, तर चावी फिरवून पाहिली. इंजिनात पाणी गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. पुराची हानी वॉरंटीत बसत नाही. ती पूर्ण विम्यात बसते, पण चावी फिरवल्यानं बिघडलेलं इंजिन बहुधा नाही, त्यासाठी वेगळं जादा संरक्षण घ्यावं लागतं. पाणी लागलेली गाडी सुरू न करता, बॅटरीची वायर काढून, ओढूनच न्यावी.

मी चार नवे टायर घेतले. दुसऱ्या दुकानातून. खडू खिशातच घेऊन गेलो होतो. पहिल्या दोन टायरवर आठ महिन्यांपूर्वीची तारीख निघाली, ती चालली. तिसऱ्यावर अडीच वर्षांची निघाली, तो परत पाठवला. दुकानदार म्हणाला, "चाचा, टायर घेताय का पोरगी बघताय?" पण त्यानं दुसरा आणला आणि मागितल्याप्रमाणे चारही नंबर बिलावर लिहून दिले. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पंपावर जातो. निघायच्या आधी ओट्यावरून आई विचारते, "हवा देख्या क्या रे?"

परवा डिकी साफ करताना स्टेपनी हाताला लागली. गाडी जुनी घेतलेली, स्टेपनी तिच्या जन्मापासूनची. खडू घासला. ३११४ निघाले. म्हणजे २०१४ चा जुलै संपता संपता. त्या रात्री आईला आणि नातवाला घेऊन आम्ही घरी आलो ते या चाकावर.